मज्जेला हुकूम कोण देतं?



आज मी डोनल्ड मेटकाफ या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या कामाबद्दल बोलणार आहे. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. पण ज्यांच्या घरातलं कोणी केमोथेरपीतून गेलं आहे, त्यांचा मेटकाफ यांच्या कामाशी थेट संबंध आलेला आहे. केमो झाल्यावर एक-दोन दिवसांनी पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली एक छोटं इंजेक्शन देतात. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि ते घेतल्यावर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. वॉर्डातले सगळेजण त्याला ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात. त्याच्या मागे मेटकाफ यांची काही दशकांची मेहनत आहे.

रक्तविकारांच्या वॉर्डात नातेवाइकांचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, काउंट वाढला का?” केमोनंतर साधारण दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिला सामना करतात. निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दोन हजार ते सात हजार असतात. पाचशेच्या खाली गेल्या की आपल्याच आतड्यातले, एरवी निरुपद्रवी असलेले जंतू रक्तात शिरतात. संध्याकाळी कुरकुर वाटते, रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि पहाटेपर्यंत रक्तदाब खाली जातो. अशा वेळी पहिल्या तासात अँटिबायोटिक शिरेतून गेलंच पाहिजे. कॅन्सर आटोक्यात असतानाही अशा तापाने माणसं गेलेली आहेत. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी ते शिकाऊ वयात पाहिलं आहे.

या काउंटचा हिशेब कोण ठेवतं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतो. म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेला रोज नव्याने दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल तयार करून पाठवावे लागतात. शिवाय तांबड्या पेशी आहेत, दर सेकंदाला सुमारे वीस लाख. प्लेटलेट्स आहेत त्या वेगळ्याच. इतकं प्रचंड उत्पादन चालू असताना निरोगी माणसाचा काउंट ठरावीक मर्यादेत राहतो. न्यूमोनिया झाला तर काही तासांत तो दुप्पट-तिप्पट होतो आणि आजार बरा झाला की पुन्हा मूळपदावर येतो. ‘आता वाढवा’, ‘आता पुरे’ असं मज्जेला कोण सांगतं? मेटकाफ यांनी हा प्रश्न विशीत हाती घेतला आणि ऐंशी ओलांडली तरी सोडला नाही.

त्यांचा जन्म १९२९चा, न्यू साउथ वेल्समधल्या मिटागाँग या गावातला. आईवडील दोघंही शिक्षक. वडिलांच्या बदल्यांमुळे लहान-लहान गावांमधून शाळा झाली आणि वैद्यकीचं शिक्षण सिडनी विद्यापीठात. डॉक्टर म्हणून पेशंट तपासण्यापेक्षा प्रयोगशाळा त्यांना ओढत होती. १९५४ मध्ये ते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. व्हिक्टोरिया राज्याच्या अँटी-कॅन्सर कौन्सिलने त्यांना कार्डेन फेलोशिप दिली होती, ती कॅन्सरच्या संशोधनासाठी. संस्थेचे संचालक होते मॅकफार्लेन बर्नेट, पुढे नोबेल मिळालेले, विषाणू आणि प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातलं मोठं नाव. कॅन्सरच्या संशोधनातून काही हाती लागेल यावर बर्नेट यांचा विश्वास नव्हता. त्यांनी या तरुणाला सुरुवातीला विषाणूंच्या कामाला लावलं आणि नंतर त्याची रवानगी संस्थेच्या उंदीरखान्यात केली. मेटकाफ तिथे राहिले आणि काम करत राहिले.

त्यांची पहिली धाव थायमसकडे होती. छातीत उरोस्थीमागे असलेली ही ग्रंथी उंदरांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, महत्त्वाची आहे, एवढं तेव्हा कळलेलं होतं. ल्युकेमिया झालेल्या पेशंटच्या रक्तद्रवात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवणारा काही पदार्थ असावा, असं त्यांनी १९५६ मध्ये मांडलं. त्यानंतर बोस्टनमध्ये जेकब फर्थ यांच्याकडे दोन वर्षं काढली. फर्थ यांचं म्हणणं असं, की शरीरातल्या नियामक पदार्थांचा तोल बिघडला तर त्यातूनही गाठ उद्भवू शकते. हा विचार मेटकाफ यांच्या मनात कायमचा रुजला. रक्ताचा कॅन्सर समजून घ्यायचा असेल तर आधी रक्त नीट कसं तयार होतं, ते कोण आवरतं, हे कळायला हवं, अशी त्यांची धारणा झाली. अडचण एवढीच होती, की ते मोजायचं कसं? जिवंत उंदरात एकाच वेळी शेकडो गोष्टी घडत असतात. त्यात एका पदार्थाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मज्जेच्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवायच्या, तर त्या तिथे मरून जात.

ही कोंडी १९६५ मध्ये फुटली, आणि तीही दुसरंच काही करताना. मेलबर्न विद्यापीठातले रे ब्रॅडली उंदराच्या थायमसमधल्या ल्युकेमियाच्या पेशी आगरमध्ये वाढवायच्या खटपटीत होते. आगर म्हणजे आपण स्वयंपाकघरात ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. समुद्रशेवाळापासून निघणारं, गरम पाण्यात विरघळणारं आणि गार झालं की थिजणारं. कॅन्सरच्या पेशींना आधार मिळावा म्हणून ब्रॅडलींनी जोडीला मज्जेच्या पेशी घातल्या. काही दिवसांनी पाहतात तर कॅन्सरच्या पेशी होत्या तिथेच होत्या, आणि मज्जेच्या पेशींमधून गोल, भरगच्च पुंजके उगवलेले होते. या पुंजक्यांतल्या पेशी कोणत्या, हे ओळखण्याच्या कामी मेटकाफ आले. रंग देऊन पाहिल्यावर त्यांना त्यात ग्रॅन्युलोसाइट, ज्यांत न्यूट्रोफिल येतात, आणि मॅक्रोफेज दिसले, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. दोघांचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास त्याच वेळी इस्राएलमध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटचे लिओ सॅक्स आणि दोव्ह प्लुझनिक स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते. या शोधाचं श्रेय दोन्ही ठिकाणांना आहे.

हा प्रयोग जरा जवळून पाहू या. बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची डिश. त्यात एक मिलिलिटर पोषक द्रव आणि जेमतेम धरेल इतकाच आगर. त्यात उंदराच्या मांडीच्या हाडातून काढलेल्या काही हजार पेशी विखरून टाकायच्या आणि डिश सदतीस अंश सेल्सिअसला ठेवायची. आगर अर्धवट थिजलेला असल्यामुळे पेशी आपली जागा सोडू शकत नाही. ती दुभंगली की तिच्या लेकी तिच्याच शेजारी राहतात, त्यांच्या लेकी त्यांच्याशेजारी. सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली जो पुंजका दिसतो, तो सगळा एका पेशीचा वंश. पन्नास किंवा त्याहून जास्त पेशी असतील तर त्याला कॉलनी म्हणायचं, कमी असतील तर ती कॉलनी धरायची नाही. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही, की डिशमध्ये विशिष्ट पदार्थ घातला नाही तर एकही कॉलनी उगवत नाही. थोडा घातला तर थोड्या, जास्त घातला तर जास्त. न दिसणाऱ्या एका पदार्थाचं प्रमाण आता कॉलन्या मोजून ठरवता येऊ लागलं. या पदार्थाला त्यांनी कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर म्हटलं, थोडक्यात सीएसएफ.

मेटकाफ यांनी मोजण्याचं हे काम मदतनिसांवर सोपवलं नाही. आयुष्यभर रोज सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ते स्वतः मोजत बसत. रंग दिलेल्या कॉलन्यांच्या काचा स्वतः तपासत. पुढे यंत्रं आली, मोठे चमू आले, तरी त्यांनी हा शिरस्ता मोडला नाही. एखाद्याला हा हट्ट वाटेल. पण कॉलनीतल्या पेशी अपुऱ्या वाढलेल्या आहेत की पक्व झाल्या आहेत, कडेला एखादी भलतीच पेशी दिसते आहे का, हे सवयीच्या डोळ्यालाच कळतं. त्यांच्या पुढच्या कित्येक प्रश्नांचा उगम त्या काचांवरच झाला आहे.

तरी बरीच वर्षं अनेक शास्त्रज्ञांना सीएसएफ खरा वाटत नव्हता. डिशमध्ये पेशी वाढवण्यासाठी लागणारं एखादं जीवनसत्त्व असेल, शरीरात त्याला काही अर्थ नसेल, असा आक्षेप होता. तो खोडून काढायचा तर पदार्थ शुद्ध करून दाखवायला हवा होता, आणि तिथेच सगळं अडत होतं. हे पदार्थ इतक्या सूक्ष्म मात्रेत काम करतात की शरीरात त्यांचं प्रमाण नाममात्र असतं. माणसाच्या लघवीत सीएसएफ सापडतो म्हणून ती गोळा करून पाहिली. उंदरांना जंतूंचं विष टोचून नंतर त्यांची फुफ्फुसं बारीक करून पोषक द्रवात ठेवली, की त्या द्रवात सीएसएफ भरपूर उतरतो, हे लक्षात आलं. असे किती उंदीर लागले असतील याची कल्पना करा. या फुफ्फुसांच्या द्रवातून अँटनी बर्जेस आणि मेटकाफ यांनी १९७७ मध्ये ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज दोन्ही वाढवणारा जीएम-सीएसएफ शुद्ध केला. रिचर्ड स्टॅन्ली यांनी मॅक्रोफेज वाढवणारा एम-सीएसएफ वेगळा केला. १९८३ मध्ये निकोस निकोला, मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅन्युलोसाइट वाढवणारा जी-सीएसएफ शुद्ध केला. आज आपण ज्या इंजेक्शनाबद्दल बोलतो, ते हेच शेवटचं. एकाऐवजी चार वेगवेगळे पदार्थ निघाले. चौथा म्हणजे मल्टी-सीएसएफ, ज्याला आता इंटरल्युकिन-३ म्हणतात.

डिशमधल्या त्या पहिल्या कॉलनीपासून जी-सीएसएफ शुद्ध होईपर्यंत अठरा वर्षं गेली. या काळात औषध म्हणून कशाचाही पत्ता नव्हता, तरी मेटकाफ यांचा पगार चालू राहिला. १९५४ ला मिळालेली कार्डेन फेलोशिप त्यांच्याकडे मृत्यूपर्यंत होती, साठ वर्षं. एखाद्या सार्वजनिक निधीने एका माणसाला एका प्रश्नासाठी इतकी वर्षं विश्वासाने पोसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. दर तीन वर्षांनी ‘निष्पन्न काय’ असं विचारणाऱ्या आजच्या संशोधन-अनुदानांत हे काम तगलं असतं असं मला वाटत नाही.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रयोग सांगतो. मज्जेतली एक पूर्वज पेशी ग्रॅन्युलोसाइट होऊ शकते किंवा मॅक्रोफेजही. तिचा मार्ग आधीच ठरलेला असतो आणि सीएसएफ तिला फक्त जगवतो, की सीएसएफच तिचा मार्ग ठरवतो? मेटकाफ यांनी एकेक पेशी घेतली. ती दुभंगण्याची वाट पाहिली. मग दोन जुळ्या लेकी बारीक नळीने उचलून वेगवेगळ्या डिशमध्ये ठेवल्या. एकीला जीएम-सीएसएफ दिला, दुसरीला एम-सीएसएफ. आई एकच, क्षण एकच, फरक फक्त पदार्थाचा. जीएम-सीएसएफ मिळालेल्या पेशींच्या वंशात ग्रॅन्युलोसाइट जास्त निघाले, एम-सीएसएफ मिळालेल्यांच्या वंशात मॅक्रोफेज. हे पदार्थ पेशींना नुसतं वाढवत नाहीत, वळणही लावतात, असा त्याचा अर्थ. यावर पुढे खूप वाद झाला, आणि तो योग्यही होता. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एकेका पेशीचं दिवसेंदिवस चित्रीकरण करून दाखवलं, की निदान काही पेशींमध्ये तरी हे पदार्थ मार्ग ठरवतात. मेटकाफ यांना हे पाहायला मिळालं.

कॅन्सरचा धागा इथेच जुळतो. उंदराच्या एका ल्युकेमियाच्या पेशींना जी-सीएसएफ दिला तर त्या पक्व होतात, न्यूट्रोफिलसारख्या दिसू लागतात आणि अमर्याद वाढत राहण्याची ताकद गमावतात. म्हणजे कॅन्सरची पेशी नष्ट करण्याऐवजी तिला वाढवून मोठं करता येईल, ही आशा. माणसाच्या बहुतेक ल्युकेमियात जी-सीएसएफने ते जमलं नाही. पण हा विचार चुकीचा नव्हता. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाच्या एका प्रकारात शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अ जीवनसत्त्वाचं एक रूप देऊन कॅन्सरच्या पेशी पक्व करून दाखवल्या. पूर्वी काही दिवसांत जीव घेणारा तो आजार आज बहुतेकांमध्ये बरा होतो.

याची उलट बाजूही मेटकाफ यांनी तपासली. १९८५ मध्ये त्यांच्या गटाने, जीएम-सीएसएफ बाहेरून मिळाल्याशिवाय न जगणाऱ्या पेशींमध्ये जीएम-सीएसएफचंच जनुक घातलं. पेशी स्वतःचं खाद्य स्वतः बनवू लागल्या आणि उंदरात टोचल्यावर गाठी करू लागल्या. फर्थ यांच्या जुन्या कल्पनेला एक नवा, नेमका आधार मिळाला. मात्र त्या पेशी प्रयोगशाळेत बराच काळ वाढत असलेल्या, आधीच बिघडलेल्या होत्या. निरोगी मज्जेच्या पेशींना हा पदार्थ अतोनात मिळाला तर? तोही प्रयोग झाला. मज्जेतून सतत जीएम-सीएसएफ स्रवेल अशी व्यवस्था केलेल्या उंदरांमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या, फुफ्फुसांत आणि यकृतात घुसल्या, आणि उंदीर मेले. पण त्या पेशी काढून दुसऱ्या निरोगी उंदरात घातल्यावर कॅन्सर झाला नाही. वाढ अफाट होती, पण ती वाढ कॅन्सर नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, मी शेवटी त्याकडे येणार आहे.

१९८४ पासून जनुकं मिळू लागली आणि सगळं वेगाने बदललं. मानवी जी-सीएसएफचं जनुक १९८६ मध्ये जपान आणि अमेरिका अशा दोन्हीकडे वेगळं झालं. जीवाणूंच्या पेशीत ते घालून हवा तेवढा पदार्थ बनवता येऊ लागला. मेलबर्नमध्येच, रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये, केमो घेणाऱ्या पेशंटवर सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. १९९१ मध्ये अमेरिकेत जी-सीएसएफला परवानगी मिळाली. उंदीरखान्यात सुरू झालेलं काम जगभरातल्या लाखो पेशंटपर्यंत पोहोचलं. पुढे भारतातल्या कंपन्यांनीही ते बनवायला घेतलं आणि किंमत मध्यमवर्गीय घराला पेलेल इतकी खाली आली. मेटकाफ यांना १९९३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. २००० मध्ये त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं.

आणखी एक गोष्ट त्या पहिल्या चाचण्यांतच लक्षात आली, आणि ती कोणी मागितलेली नव्हती. जी-सीएसएफ दिलेल्या पेशंटच्या रक्तात मज्जेतल्या पूर्वज पेशी मोठ्या संख्येने फिरताना दिसल्या. एरवी त्या मज्जेतून फारशा बाहेर पडत नाहीत. याचा अर्थ प्रत्यारोपण करणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातलं पहिलं अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केलं, तेव्हा मज्जा काढायची म्हणजे दात्याला भूल देऊन कंबरेच्या हाडात शेकडो वेळा सुई घालायची, हाच मार्ग होता. आज बहुतेक दाते चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं घेतात आणि मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, पूर्वज पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. चार-पाच तास खुर्चीत बसायचं, त्याच दिवशी घरी.

१९९४ मध्ये मात्र जीएम-सीएसएफने सगळ्यांना चकित केलं. हा पदार्थ बनवूच न शकणारे उंदीर मेलबर्नमध्ये तयार केले गेले. रक्त बिघडेल अशी अपेक्षा होती. रक्त जवळपास ठाकठीक होतं. बिघडली ती फुफ्फुसं. हवेच्या पिशव्यांत चिकट प्रथिनयुक्त द्रव साचत गेला, कारण तो साफ करणाऱ्या मॅक्रोफेजना पक्व व्हायला जीएम-सीएसएफ लागतो. माणसात नेमकं असं होणारा एक दुर्मीळ आजार आहे. त्या पेशंटच्या रक्तात जीएम-सीएसएफविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि आता तो पदार्थ वाफेतून फुफ्फुसात देऊन उपचार करतात. तीस वर्षं ज्याचा अभ्यास केला त्याचं मुख्य काम भलतंच निघालं, तरी मेटकाफ यांनी ते मोकळ्या मनाने स्वीकारलं आणि प्रयोग पुढे नेले. निवृत्तीनंतरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता ती राखून ठेवलेली गोष्ट. भाऊ भावाला मज्जा देतो, बहीण बहिणीला. देणारा तरुण असतो, धडधाकट असतो, घरचे त्याच्या पाठीशी असतात. पण दुसऱ्या इंजेक्शनानंतर हाडं ठणकू लागली की तो दाराबाहेर मला एकटं गाठतो आणि दबक्या आवाजात विचारतो, “डॉक्टरसाहेब, काउंट चाळीस-पन्नास हजारांवर गेलाय म्हणतात. मला पुढे दादासारखा ब्लड कॅन्सर तर नाही ना होणार?” हा प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेत नाही. दादाचा काउंटही असाच वाढला होता. मी त्याला त्या उंदरांबद्दल सांगतो. नुसती वाढ म्हणजे कॅन्सर नाही. हुकूम मिळाला म्हणून पेशी वाढल्या आहेत, हुकूम थांबला की काही दिवसांत काउंट खाली येईल. दादाच्या पेशी हुकूम नसतानाही वाढत होत्या, बिघाड तिथे होता. जगभर निरोगी दात्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आहे आणि या इंजेक्शनामुळे रक्ताचा कॅन्सर वाढल्याचं त्यात आढळलेलं नाही. हेही सांगतो, की प्लीहा फुगण्यासारखा धोका क्वचित असतो, म्हणून डाव्या बरगडीखाली दुखलं तर लगेच कळव. हाडं दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी लिहून देतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो यंत्राजवळच्या खुर्चीत बसतो आणि आठवड्याभरात त्याचा काउंट पुन्हा सहा-सात हजारांवर आलेला असतो.